बारीक घास

आई आजारी पडल्यापासून माझं तिच्याशी बोलणं व्हायचं ते बाबांच्या मार्फत. म्हणजे मी बोलायचे आईशीच, तिच्या समोर बसून, तिचा हात हातात धरून. पण माझं वाक्य तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. ती जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघायची, मग मान वळवून बाबांकडे बघायची. बाबा म्हणायचे, "अगं, पोहे. पोहे आणलेत हिने. खायचे?" आणि मग ती मान हलवायची. विजयनगरच्या माझ्या घरून ट्रॅफिकमध्ये तडमडत पोहे आणणारी मी, आणि मान हलायची बाबांकडे बघून. राग यायचा. खोटं कशाला बोलू, आजारी माणसाचाही राग येतो.

मेंदूच्या झटक्यानं तिचा उजवा हात लुळा पडला होता, तो व्यायामानं बराचसा परत आला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजायचं सगळं, पण थोडं थोडं. एका दमात दोन गोष्टी सांगितल्या की पहिलीही हातची जायची. आणि मी एका दमात दहा सांगणारी. हळू बोल, म्हणून शाळेतल्या बाईंनी सांगून झालं, सासूबाईंनी सांगून झालं, नवऱ्यानं तर नादच सोडला. स्वभावाला औषध नाही. एकट्या आईनं मला कधी टोकलं नाही. तिचं म्हणणं, पोरगी आहे, बडबडू दे, मला तर बाई तिचं सगळं समजतं.

तिला शिकवायला स्पीच थेरपीच्या एक बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधी कधी शाबूत असतं. लहानपणापासून पाठ असलेलं काही असेल तर रोज ऐकवा आणि त्यांना बरोबरीनं म्हणू द्या.

पाठ असलेलं म्हणाल तर आमच्याकडे पेटारा भरलेला होता. लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत आई दरवर्षी नवरात्रात भोंडला करायची. पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा. इंदूरच्या मराठी मुली त्या! घरात आजीशी मराठी, बाकी सगळा कारभार हिंदीत. "काकी, वो सासूवालं एक बार और घ्या ना," असं म्हणणाऱ्या. आई त्यांच्याकडून एकेक ओळ घोटून घ्यायची, आणि बाबा कोपऱ्यात टेपरेकॉर्डर धरून उभे. बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण टेलिफोन खात्यात जन्म गेलेला, त्यामुळे आवाज पकडून ठेवायचा भारी नाद. रिटायर झाल्यावर त्यांनी सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि कॅसेटींना बुरशी लागली म्हणून त्या सगळ्या फेकून दिल्या.

मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. बाबांना जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मीच घालून दिलं, आणि गाण्यांसाठी एक लॉजिकल व्हॉल्यूम करून दिला. डिस्क ही जमीन धरली, तर लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे तिच्यावर आपण आखलेली खोली. गंमत अशी की ही खोली, आत माणसं बसलेली असताना, सामानासकट एका जमिनीवरून दुसऱ्या जमिनीवर नेता येते. हे ऐकून बाबा इतके खूश झाले की शेजारच्या काकांना बोलावून त्यांनी माझ्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून ती खोली मी फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवली. लिहायचं काही नव्हतंच तिथे, ऐकायचं होतं.

सकाळी कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत गल्लीतून गेली की आमच्याकडे चहा, आणि चहा झाला की आईचं गाणं. स्पीकरमधून तिचाच चाळीशीतला खणखणीत आवाज यायचा, आणि पलंगावर उशीला टेकून बसलेली आई प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द म्हणायची. कधी शब्द, कधी नुसताच सूर. दिवसभरात तिच्या तोंडून निघणारं तेवढंच. मग शेवटचे दोन शब्द यायला लागले. बाबा मला ऑफिसात फोन करायचे, "आज दोन आले, बरं का," आणि ठेवून द्यायचे. मी बाथरूममध्ये जाऊन रडून यायचे.

अशात ती जुनी डिस्क कटकट करायला लागली. मला सांगायचं ना? पण नाही. मुलगी कामात असते, तिला कशाला त्रास! बाबा स्वतःच जेलरोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन नवीकोरी डिस्क घेऊन आले.

आता इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर बाबांनी पुढे असं का केलं ते कळायचं नाही. माझे आजोबा गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले आणि जन्मभर भाड्याची घरं बदलत राहिले. त्यांचा नियम होता, चालतं घर हलवायचं, बंद घर नाही. जुन्या घरची चूल विझू द्यायची नाही. तिचे निखारे शेगडीत घालून नव्या घरी न्यायचे, तिथे दूध उतू घालवायचं, आणि मगच जुनी चूल शांत करायची. मग ते घर झाडून, पुसून, उंबऱ्यावर पाणी घालून मालकाच्या हवाली. मागे काही ठेवायचं नाही. बाबांनी डिस्क ह्याच रीतीनं हलवली.

मशीननं आधी नकार दिला होता. दोन डिस्कच्या ब्लॉकचा आकार वेगळा आहे, एका गटात घेणार नाही, आणि गटाबाहेर खोली हलत नाही, असं स्वच्छ सांगितलं होतं. पण सरकारी खात्यात राहिलेल्या माणसाला पक्कं माहीत असतं की नाही म्हणणाऱ्या साहेबाच्या वर आणखी एक साहेब असतोच. बाबांनी इंटरनेटवर शोधलं. कुणीतरी लिहून ठेवलेलं सापडलं की अमक्या फाइलीत अमकी ओळ बदला, मग घेतं. बदलली. घेतलं की हो!

स्पीकरवर आई गात होती तेव्हाच त्यांनी हलवाहलव सुरू केली. इकडे गाणं चाललेलं, तिकडे पडद्यावर टक्के चढताहेत, आणि एक सूर तुटला नाही. शंभर टक्के झाले तेव्हा बाबांनी खरोखर गॅसवर दूध ठेवून उतू घालवलं. मग जुनी डिस्क गटातून काढली, फडक्यानं पुसली, तिला हळदकुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या डब्यात नेऊन टाकली. इंदूरचा माणूस! ओलं-सुकं वेगळं केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

मशीन बंद झालं नव्हतं, तोवर सगळं सुरळीत चाललं. उघडलेलं दार उघडंच होतं. मग एक दिवस लाइट गेली.

मी ऑफिसात डबा खात होते तेव्हा फोन आला. "ऐक, घाबरू नको. आईची गाणी उघडत नाहीयेत. काल लाइट गेली तेव्हापासून."

"काय येतंय पडद्यावर? जे आहे ते सही-सही वाचा."

त्यांनी वाचलं, आणि पुढे म्हणाले, "ते जेलरोडचे दुकानवाले भिया म्हणताहेत, फॉर्मेट मार दो बाबूजी, चकाचक हो जाएगा. मारू का?"

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या टेबलावर लोकांचे घास हातातच राहिले. "बाबा, कशालाही हात लावू नका. मशीनपासून लांब जाऊन बसा. मी निघाले."

घरी पोचले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. सकाळपासून चहासुद्धा अर्धाच घेतलेला. बाबा मशीनपासून खरोखरच लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मी चप्पल काढता काढताच विचारलं, "दुसरी कॉपी केलीत ना? मी सांगितलं होतं, दोन ठेवा."

"दोन आहेतच. एक 'गाणी' आणि एक 'गाणी दुसरी'."

"कुठे?"

"तिथेच. त्याच डिस्कवर. तू ती खोली वाचण्यापुरती करण्याआधीच ठेवली होती."

कपाळावर हात मारायचा बाकी राहिला. "आणि जुनी डिस्क?"

"गाडीत दिली."

"कचऱ्याच्या?"

"वेगळ्या डब्यात दिली, अगं. इलेक्ट्रॉनिकवाल्या." जसं काही वेगळ्या डब्यात दिली म्हणजे ती परत येणार होती.

तासभर खटपट केली तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. मी बाबांना समजावून सांगितलं, आणि मी कधी इतकं साधं समजावत नाही, पण त्या दिवशी मलाच स्वतःला समजावायचं होतं. प्रत्येक डिस्कचा एक घास ठरलेला असतो, मशीन ज्याला ब्लॉक म्हणत होतं तो. त्याहून लहान ती घेत नाही आणि देतही नाही. जुनीचा घास पाचशे बारा बाइटचा होता. नवीचा चार हजार शहाण्णवचा, आठपट मोठा. गाण्यांची खोली जुन्या डिस्कवर बांधली गेली, तेव्हा तिची घडणच त्या बारीक घासाची झाली. खोली हलली, सामान हललं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. पण दार उघडताना ती म्हणते, मला बारीक घास दे. नवी डिस्क म्हणते, बारीक मला जमतच नाही. चुकतंय कुणीच नाही, आणि दार बंद.

बाबांनी खुर्ची मशीनजवळ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे गाणी आहेत?"

"आहेत."

"सगळी?"

"सगळी. फक्त तिला देता येत नाहीत."

त्यांनी पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे ही डिस्क तुझ्यासारखीच निघाली म्हणायची," ते म्हणाले.

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले! मला न विचारता उद्योग कुणी केला, मशीन नाही म्हणत असताना पुढे कोण गेलं, दूध उतू घालवलं, दूध! आणि आता मी डिस्कसारखी? मी एकटी पळत येते, एकटी सगळं निस्तरते, आणि आई माझ्याकडे बघतही नाही. हे शेवटचं बोलायचं नव्हतं, पण बाण सुटला होता. आईनं डावा हात उचलून कानावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बाबा उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

कामाच्या बाबतीत माझा एक नियम आहे, रागात मशीनला हात लावायचा नाही. तो मी पाळला आणि चहा न घेता निघाले. पण गाडी चालवण्याच्या बाबतीत तसा नियम नसल्यामुळे लालबाग राजवाड्याच्या भिंतीशी येऊन थांबावं लागलं, कारण समोरचं दिसेना. ह्याच लालबागेत आई-बाबा पहाटे फिरायला यायचे, आई पुढे आणि बाबा मागे. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. माझ्याजवळ सगळं होतं, आईला सांगायचं, विचारायचं, आणि तिला देता येत नव्हतं. बाबा बरोबर बोलले होते, आणि त्याचाच तर राग आला होता.

जुन्या आकाराची दुसरी डिस्क आणून सगळं परत तिच्यावर हलवणं, हा एक उपाय होता. पण एकुलती एक चीज पुन्हा हलवायची माझी छाती होईना. दुसरा उपाय होता, काही न हलवता डिस्क आणि खोली यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवायचा. लिनक्समध्ये तशी सोय असते. तो डिस्ककडून मोठा घास घेतो, त्याचे बारीक तुकडे करतो, आणि मागणाऱ्याला हवा तेवढाच देतो. तो आठवडा मी ऑफिसातल्या रिकाम्या मशीनवर हाच खेळ करत बसले. मुद्दाम तीच चूक करायची, दार बंद पाडायचं, आणि मध्यस्थ बसवून उघडायचं. हात बसला तेव्हा रविवारी सकाळी लोकमान्य नगरला गेले. बाबांना फोन केला नव्हता. आमचा अबोलाच होता म्हणा ना.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून खडखड आवाज आला म्हणून मी उंबऱ्यातच थांबले. बाबा पलंगाशी स्टूल टाकून बसले होते. हातात स्टीलचा झाकलेला डबा. तो ते आईच्या कानाशी हलवत होते. मला एकदम उमगलं, ही खिरापत! भोंडल्याच्या शेवटी असतं ना, झाकलेला डबा हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं, ओळखलं तरच खायला मिळणार. गाणी बंद पडली तर बाबांनी हे काढलं होतं. गाता तर येत नव्हतं त्यांना.

"तिखट," बाबा म्हणाले. आणि थांबले.

थांबले म्हणजे किती थांबले! मी असते तर तेवढ्यात डबा उघडून, खायला घालून, भांडं घासून मोकळी झाले असते. बाबा नुसते बसून होते. भुवईसुद्धा हलवली नाही. आईचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"शे," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "शेव."

बाबांनी झाकण उघडून शेवेची एक काडी तिच्या ओठांत दिली. एकच. आणि मग दारात मी दिसले, तशी आई गप्प झाली.

मला काय वाटलं ते कसं सांगू? आईनं सुराशिवाय शब्द उच्चारला होता, आनंदानं ओरडायला हवं होतं. आणि मी आले म्हणून ती थांबली होती. मी "कशी आहेस," एवढं विचारलं आणि मशीनशी जाऊन बसले.

बाबा मागे येऊन उभे राहिले. मी मध्यस्थ बसवला, त्याला बारीक घासाचं माप सांगितलं आणि खोली उघडायची आज्ञा दिली. खोली उघडली. ओळीनं फोल्डरं आली, बाबांनी दिलेल्या नावांची, 'जुन्या घरचा भोंडला', 'पावसात झालेला', 'हिच्या लग्नाच्या वर्षीचा'. बाबांनी पडद्याला हात जोडले. मी सगळं दुसऱ्या, ताज्या खोलीत उतरवून घेतलं, आणि एक प्रत माझ्या पर्समधल्या डिस्कवर, विजयनगरला न्यायला. "आता एक ह्या घरात, एक त्या घरात," मी म्हटलं. "समजलं?" बाबा म्हणाले, "समजलं, बाई." आमचा अबोला तिथे संपला.

मग मी स्पीकर लावला. आईचा आवाज घरभर झाला, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी सुटलेच. "आई, ऐक, हे जुन्या घरचं, आठवतं? आणि हे बघ, ह्यात तू त्या ठेंगण्या मुलीला रागावतेस, थांब, पुढचं लावते, ह्यात मीपण आहे, माझा आवाज येतो बघ, आणि हे पावसातलं, सगळ्याजणी आपल्या व्हरांड्यात..." एक गाणं अर्धं, दुसरं अर्धं, मी लावत होते आणि बोलत होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मग नेहमीसारखी तिनं बाबांकडे मान वळवली.

बाबा खाली जमिनीकडे बघत होते. त्यांनी वर बघितलंच नाही. तिनं वाट बघितली. बाबांनी डब्याचं झाकण उगाचच काढलं आणि लावलं.

तेव्हा आईनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. डावा हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला. तिचे ओठ हलले, मी काही मदत करणार होते, शब्द सुचवणार होते, पण तिनं मनगट दाबलं.

"हळू," आई म्हणाली.

जन्मात जिनं मला कधी टोकलं नाही, तिनं मला सांगितलेला हा पहिला शब्द. मी गाणं बंद केलं. बसून राहिले. मग सुरुवातीपासून एक ओळ लावली, एकच, आणि बटणावर बोट ठेवून थांबले. थांबणं फार कठीण असतं हो. बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली, कुत्रं भुंकलं, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. आई बघत होती, माझ्याकडे. मग तिनं त्या ओळीचा शेवट म्हटला. मी दुसरी ओळ लावली.

बाबा स्टुलावरून उठले, डबा उचलला आणि चहा टाकायला आत गेले. आई आजारी पडल्यापासून आम्हा दोघींच्या मधून ते पहिल्यांदाच उठून गेले होते.